अ‍ॅमेझॉन : ग्रीकांचे स्त्रीराज्य आणि त्याची लांबलेली सावली

'अ‍ॅमेझॉन' हा शब्द उच्चारला की आपल्या नातवंडांच्या डोळ्यांसमोर दाराशी येऊन पडणारे पुठ्ठ्याचे खोके उभे राहते. भूगोल शिकलेल्या माझ्या पिढीला दक्षिण अमेरिकेतील महानदी आठवते. दोन्ही बरोबरच आहेत आणि दोहोंचे नातेही आहे. १९९४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या त्या कंपनीचे पहिले नाव निराळे होते. पुढे तिने सर्वांत विशाल प्रवाहाच्या नदीचे नाव घेतले. त्या नदीला हे नाव पडले ते १५४२ साली तिच्या काठी झालेल्या एका चकमकीमुळे. त्या चकमकीत स्पॅनिश शिलेदारांना हाती धनुष्ये घेतलेल्या स्त्रिया दिसल्या, आणि अशा स्त्रियांना काय म्हणावे हे त्यांना शोधावे लागले नाही. ते नाव दोन हजार वर्षांहून अधिक काळ युरोपच्या जिभेवर तयार होते. ते ग्रीकांनी दिलेले होते.

हे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ होत आहे त्या मुख्याध्यापिकाबाई इतिहासाच्या तासाला मुलांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत असत : "हे सांगितले कोणी, आणि कोणाला?" अ‍ॅमेझॉनांच्या कथेला हा प्रश्न लावल्याशिवाय तिच्यात शिरताच येत नाही. कारण अ‍ॅमेझॉनांनी स्वतःविषयी लिहिलेली एक ओळही नाही. जे आहे ते सारे त्यांच्याशी लढल्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी लिहिलेले, कोरलेले आणि रंगविलेले.

प्रथम कथा काय आहे ती पाहू. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानात, थर्मोडॉन नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी थेमिस्कीरा नावाचे नगर, आणि तेथे केवळ स्त्रियांचे राज्य, असे ग्रीक सांगत. युद्धदेव एरीस हा त्यांचा मूळपुरुष. घोड्यावर बसणे, धनुष्य ताणणे, परशू चालविणे हे त्यांचे शिक्षण. शेजारच्या पुरुषांशी त्या ठराविक काळी संग करीत आणि जन्मलेल्या मुली ठेवून मुलगे बापांकडे पाठवीत, असे काही लेखक सांगतात. काही याहून क्रूर गोष्टी सांगतात. कथा सांगणारा जितका दूरचा, तितकी क्रूरता अधिक, असे मला या साऱ्या मजकुरात आढळले.

होमरच्या 'इलियड'मध्ये या स्त्रियांचा उल्लेख अगदी ओझरता आहे, पण महत्त्वाचा आहे. वृद्ध राजा प्रायम आपल्या तरुणपणची आठवण सांगतो, की फ्रिजियाच्या बाजूने मी अ‍ॅमेझॉनांशी लढायला गेलो होतो; आणि दुसरीकडे बेलेरोफोन या वीराच्या पराक्रमांत त्यांचा पराभव मोजला आहे. म्हणजे होमरच्या श्रोत्यांना ही मंडळी आधीपासून ठाऊक होती; ओळख करून देण्याची गरज नव्हती. त्यांच्यासाठी होमर जे विशेषण वापरतो त्याचे दोन अर्थ होतात : 'पुरुषांच्या तोडीच्या' आणि 'पुरुषांच्या विरोधी'. पुढच्या अडीच हजार वर्षांत या कथेचे जे जे झाले, ते या दोन अर्थांमधल्या फटीत झाले असे म्हटले तरी चालेल. तोडीची की विरोधी? प्रत्येक युगाने आपापल्या सोयीचे उत्तर दिले.

होमरनंतरच्या कवींनी या स्त्रियांना नावे दिली, चेहरे दिले. हेराक्लीझच्या बारा साहसांपैकी नववे म्हणजे अ‍ॅमेझॉनांची राणी हिपोलिटा हिचा कमरपट्टा आणणे. एका राजकन्येला हवा, एवढ्याच कारणासाठी! काही कथांत हिपोलिटा तो खुशीने द्यायला तयार होते आणि तरीही मारली जाते. अथेन्सच्या थिसियसने अँटिओपी नावाच्या अ‍ॅमेझॉनला पळवून आणले. तिच्यासाठी अ‍ॅमेझॉनांची सेना थेट अथेन्सवर चालून आली. ट्रॉयच्या युद्धात हेक्टर पडल्यावर पेंथेसिलिया ही राणी ट्रॉयच्या मदतीला धावली आणि अकिलीसच्या हातून मारली गेली. भाला तिच्या देहात शिरला त्याच क्षणी अकिलीस तिच्यावर अनुरक्त झाला, अशी ती कथा. एक्झेकियस या कुंभार-चित्रकाराने इसवी सनापूर्वी ५३०च्या सुमारास रंगविलेला एक उंच घट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शिरस्त्राणाआड झाकलेला अकिलीस, खाली कोसळणारी गौरवर्ण पेंथेसिलिया, आणि त्या दोघांच्या एकमेकांना भिडलेल्या नजरा, एवढेच त्यावर आहे. या प्रेमाची टवाळी करणाऱ्या थर्सिटीझला अकिलीसने तेथल्या तेथे ठार केले, असेही कवी सांगतात.

नावाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण त्या नावाने फार गोंधळ केला आहे. ग्रीक भाषेत 'माझोस' म्हणजे स्तन आणि शब्दारंभीचा 'अ' नकारार्थी. तेव्हा 'अ-माझोन' म्हणजे स्तन नसलेली, अशी व्युत्पत्ती इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच कोणी तरी केली आणि तिच्या समर्थनार्थ कथाही तयार झाली, की धनुष्य ओढताना अडथळा नको म्हणून या स्त्रिया उजवा स्तन जाळून टाकीत. यास्काचार्यांच्या निरुक्ताची परंपरा असलेल्या आपणांस या प्रकाराचे नवल वाटू नये. शब्द परका असला, की भाषा त्याला आपल्या घरचे कपडे चढविते. मात्र ग्रीक शिल्पकारांचा या व्युत्पत्तीवर विश्वास नव्हता हे उघड आहे. शेकडो घटांवर, भिंतींवर, पुतळ्यांत अ‍ॅमेझॉन आहेत. त्यांत स्तनहीन म्हणून कोरलेली एकही नाही. शिवाय कोणत्याही धनुर्धारी स्त्रीला विचारावे, असा अडथळा येत नाही. हे नाव ग्रीक नसून कोणत्या तरी प्राचीन इराणी बोलीतील 'योद्धा' अशा अर्थाच्या शब्दावरून आले असावे, हा तर्क मला अधिक पटतो, जरी तो सिद्ध झालेला नाही.

आता अथेन्सकडे वळू, कारण कथेचे राजकारण तेथे घडले. इसवी सनापूर्वी ४९० आणि ४८० या दोन वर्षी इराणी सम्राटांच्या स्वाऱ्या ग्रीसवर आल्या. दुसऱ्या स्वारीत अथेन्स जाळले गेले, परंतु शेवटी इराणी परतले. त्यानंतर अथेन्सच्या चित्रांत अ‍ॅमेझॉनांचे कपडे बदलू लागले, असे कलेचे अभ्यासक सांगतात. पूर्वी ग्रीक योद्ध्यांसारख्या सजलेल्या या स्त्रिया अधिकाधिक नक्षीदार सुरवारी, लांब बाह्यांचे अंगरखे आणि टोकदार टोप्या घालून दिसू लागल्या. हा पोशाख पूर्वेकडचा. पूर्वेकडून अथेन्सवर आलेली, नगराच्या वेशीशी तळ दिलेली आणि पराभूत झालेली सेना, या जुन्या कथेत अथेन्सकरांनी आपला ताजा विजय पाहिला. इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या 'युमेनिडीझ' नाटकात अथेना देवी सांगते, की ज्या टेकडीवर आज न्यायसभा बसणार आहे तेथेच पूर्वी अ‍ॅमेझॉनांनी तळ ठोकला होता. पार्थेनॉनच्या पश्चिम बाजूच्या शिल्पपट्टिकांवर हेच युद्ध, आतल्या अथेनाच्या भव्य मूर्तीच्या ढालीवरही हेच युद्ध, आणि बाजारपेठेतल्या चित्रशाळेच्या भिंतीवरही तेच. नागरिकाने कोठेही पाहावे, त्याला आपले पूर्वज स्त्रियांशी लढताना दिसावेत!

युद्धात पडलेल्यांच्या सामुदायिक अंत्यविधीच्या वेळी अथेन्समध्ये एक वक्ता निवडून त्याच्याकडून स्मरणव्याख्यान करविण्याची चाल होती. आज आपण येथे जमलो आहोत त्या प्रथेची ही एक दूरची मावशीच म्हणावी. त्या भाषणांत पूर्वजांच्या पराक्रमांची ठरलेली यादी असे आणि तिच्यात अ‍ॅमेझॉनांवरील विजय बहुधा असावयाचाच. लिसियसच्या नावावर असलेल्या भाषणात तो मोठ्या तपशिलाने येतो. या स्त्रिया धैर्यामुळे पुरुष समजल्या जात होत्या, पण अथेन्सच्या वीरांशी गाठ पडल्यावर त्यांना आपल्या देहाला शोभेसे मन प्राप्त झाले, असा त्या वक्त्याचा सूर आहे. उलट इसवी सनापूर्वी ४३१ मधले पेरिक्लीझचे सुप्रसिद्ध भाषण थ्युसिडिडीझने दिले आहे, त्यात अ‍ॅमेझॉन नाहीत. मात्र विधवांना उपदेश आहे, की ज्या स्त्रीविषयी पुरुषांत बरे वा वाईट काहीच बोलले जात नाही, तिची कीर्ती मोठी. एका भाषणात स्त्रीला युद्धात हरविल्याचा डंका, दुसऱ्यात स्त्रीच्या अनुल्लेखाची थोरवी. ही दोन्ही भाषणे ऐकणाऱ्या श्रोत्यांच्या बायका घराच्या आतल्या दालनात सूत कातीत बसलेल्या होत्या.

ही केवळ कल्पनेतली भीती नव्हती. इसवी सनापूर्वी ४८०च्या सॅलॅमिसच्या आरमारी युद्धात हॅलिकार्नासस नगराची राणी आर्टेमिसिया इराणी बाजूने आपल्या जहाजांसह स्वतः लढली. हेरोडोटस सांगतो, की तिला जिवंत पकडणाऱ्यास अथेन्सकरांनी दहा हजार द्राख्मांचे बक्षीस लावले होते, कारण एका स्त्रीने अथेन्सवर शस्त्र उचलावे हे त्यांना सहन होईना. हेरोडोटस स्वतः हॅलिकार्नाससचा. गावच्या राणीविषयी लिहिताना त्याला वाटणारे कौतुक लपत नाही.

अ‍ॅमेझॉनांविषयीची सर्वांत सुंदर कथाही या हेरोडोटसचीच आहे, त्याच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात. थर्मोडॉनची लढाई जिंकल्यावर ग्रीकांनी जिवंत हाती लागलेल्या अ‍ॅमेझॉनांना तीन जहाजांत घालून नेले. समुद्रात त्यांनी आपल्या पहारेकऱ्यांना कापून काढले. पण जहाज चालविता येत नसल्याने वारा नेईल तिकडे वाहत त्या आजच्या अझोव्ह समुद्राच्या किनाऱ्याला, सिथियन लोकांच्या मुलुखात लागल्या. दिसला तो घोड्यांचा कळप त्यांनी धरला आणि लुटालूट सुरू केली. सिथियनांना वाटले, ही कोणी कोवळ्या वयाची पुरुषमंडळी आहेत. लढाई झाली, आणि पडलेले देह पाहिल्यावर त्यांना कळले की या स्त्रिया आहेत. हा तपशील श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

मग सिथियनांनी आपले तरुण शस्त्र न उचलता त्यांच्याजवळ तळ देऊन राहण्यास पाठविले. हळूहळू ओळख झाली, संग झाला, संसार जमले. तरुण म्हणाले, आमच्या घरी चला, आईबाप आहेत, मालमत्ता आहे. स्त्रियांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा : तुमच्या घरच्या बायकांशी आमचे पटायचे नाही. आम्ही बाण मारतो, भाले फेकतो, घोड्यावर बसतो. बायकांची कामे आम्ही शिकलो नाही. तुमच्या बायका गाड्यांत बसून असतात, शिकारीला जात नाहीत. तेव्हा तुम्हीच आपला वाटा घेऊन या, आपण वेगळे राहू. आणि ते तरुण ऐकतात! डॉन नदी ओलांडून ही जोडपी पलीकडे जातात आणि त्यांच्यापासून सौरोमाटी नावाचे लोक उत्पन्न होतात, ज्यांच्या स्त्रिया नवऱ्याबरोबर आणि नवऱ्यावाचूनही घोड्यावरून शिकारीला आणि युद्धाला जातात. ग्रीक पुरुषाने लिहिलेल्या अ‍ॅमेझॉनकथांपैकी ही कथा अशी, की तिच्यात शेवटी कोणी कोणाला जिंकत नाही. वाटाघाट होते.

भाषेचा जन्मभर धंदा केलेल्या मला त्यातली आणखी एक गोष्ट मोह घालते. हेरोडोटस म्हणतो, पुरुषांना त्या स्त्रियांची भाषा शिकता आली नाही, स्त्रियांनी मात्र पुरुषांची उचलली. परंतु ती त्यांना पुरती शुद्ध आली नाही, म्हणून सौरोमाटी लोक आजही सिथियन भाषा चुकीची बोलतात. आपल्या हैदराबादी मराठीतली उर्दू आणि तेलुगू ऐकून पुण्याचे पाहुणे जसे गालांत हसतात, तसे कोणी सिथियन या सौरोमाटींच्या बोलीला हसत असले पाहिजेत. बोलीभेदाचे असे सामाजिक कारण इतक्या प्राचीन काळी कोणी शोधावे, हे विलक्षण आहे.

शिकंदराची गोष्ट थोडक्यात सांगतो. थॅलेस्ट्रिस नावाची अ‍ॅमेझॉनांची राणी तीनशे स्त्रियांसह त्याच्या छावणीत आली आणि त्याच्यापासून अपत्य व्हावे म्हणून तेरा दिवस राहिली, असे काही इतिहासकारांनी लिहिले. प्लूटार्क दोन्ही बाजूंच्या लेखकांची नावे देतो आणि एक मजेदार प्रसंग सांगतो. ओनेसिक्रिटस आपल्या ग्रंथातील हा भाग लिसिमेकसपुढे वाचीत होता. हा ओनेसिक्रिटस म्हणजे तक्षशिलेस आपल्या दिगंबर तापसांशी संवाद करणारा. लिसिमेकस त्या वेळी राजा झाला होता. पूर्वी तो शिकंदराच्या निकटचा अधिकारी. तो मंद हसून म्हणाला, "आणि तेव्हा मी कोठे होतो?" समकालीन साक्षीदाराने इतिहासकाराला विचारावयाचा यापेक्षा नेमका प्रश्न मला माहीत नाही.

शिल्पकारांचाही एक किस्सा रोमन लेखक प्लिनीने सांगितला आहे. एफेसस येथील आर्टेमिस देवीच्या मंदिरासाठी नामवंत शिल्पकारांनी अ‍ॅमेझॉनांचे पुतळे केले. श्रेष्ठ कोणता हे शिल्पकारांनीच ठरवावे असे ठरले. तेव्हा प्रत्येकाने ज्याला आपल्या खालोखाल दुसरा क्रमांक दिला, त्या पॉलिक्लिटसला पहिला मान मिळाला, फिडियस दुसरा आला. त्या मूर्तींच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोमन प्रतिकृती आज संग्रहालयांत आहेत. जखमी झालेली, थकलेली, पण उभी असलेली स्त्री, असे त्यांचे रूप आहे. शत्रूला इतके देखणे दुःख देणारी कला कोणत्याही देशात क्वचितच आढळते.

आपल्याकडे अशी कल्पना नव्हती काय? होती, आणि तिचे नावच 'स्त्रीराज्य'. महाभारतात त्याचा उल्लेख आहे, वराहमिहिराच्या भूगोलात ते आहे, कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त ललितादित्याच्या दिग्विजयात ते येते. सारे उत्तरेच्या डोंगरांपलीकडे, जेथे नकाशा संपतो तेथे. जैमिनीच्या अश्वमेधकथेत अर्जुनाचा घोडा अडविणारी प्रमिला आहे. नाथपंथाच्या कथांत मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमतात आणि गोरक्षनाथ त्यांना सोडवून आणतात; 'नवनाथभक्तिसारा'च्या पारायणाने ही कथा मराठी घरांत पोहोचली, आणि १९३२ साली 'प्रभात'ने 'माया मच्छिंद्र' हा बोलपट काढला त्यात दुर्गाबाई खोटे यांनी ती राणी उभी केली. परंतु फरक पाहावा. प्रमिलेची कथा विवाहात मिटते; मच्छिंद्राची कथा मायेच्या निरासात. आपल्याकडे स्त्रीराज्य हा गृहस्थाचा किंवा संन्याशाचा प्रश्न आहे, ग्रीकांकडे तो रणांगणाचा आहे. यांपैकी एक दुसऱ्यावरून आले असे मानण्यास मला पुरावा दिसत नाही. धनुर्धारी स्त्रियांचा राजाभोवतीचा पहारा मात्र कथा नव्हे. कौटिल्य तो सांगतो, आणि चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनीझच्या वृत्तान्तातही राजाभोवती सशस्त्र स्त्रिया आहेत.

मातृसत्तेचा सिद्धान्त येथे हटकून पुढे येतो. १८६१ साली बाखोफेन या स्विस पंडिताने मानवी समाजाच्या आरंभी मातृसत्ता होती असे प्रतिपादन केले आणि अ‍ॅमेझॉनकथा त्याच्या साखळीतील एक कडी झाली. त्याच्या विचाराचे पडसाद दूरवर उमटले. आपल्याकडे कॉम्रेड शरद पाटील यांनीही स्त्रीराज्याच्या उल्लेखांतून इतिहास काढण्याचा मोठा प्रयत्न केला. त्यातील बुद्धीचा आवाका मान्य करूनही मला एवढेच म्हणावयाचे आहे, की केवळ स्त्रियांच्या राज्याचा पुरावा अद्याप भूमीतून निघालेला नाही. निघाले आहे ते वेगळे, आणि माझ्या मते अधिक मोलाचे. त्याकडे येतोच.

मध्ययुगात युरोपने ही कथा टाकली नाही. बोकाचिओने प्रसिद्ध स्त्रियांच्या चरित्रांत अ‍ॅमेझॉन राण्या घेतल्या. आणि १४०५ साली क्रिस्टिन द पिझाँ या विदुषीने आपल्या 'स्त्रियांच्या नगरी'त त्यांना स्त्रीच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून मानाने बसविले. दोन हजार वर्षांहून अधिक काळ पुरुषांनी सांगितलेली कथा एका स्त्रीने हाती घेतल्याबरोबर तिचा अर्थ फिरला, ही या प्रवासातील मोठी घटना होय. तिच्यापुढे शेक्सपियरच्या सुखान्त नाटकात थिसियसच्या लग्नाची वाट पाहणारी हिपोलिटा मला फिकी वाटते. जर्मन नाटककार क्लाइस्टने १८०८ साली छापलेल्या 'पेंथेसिलिया'त कथा उलटी फिरविली : तेथे पेंथेसिलियाच अकिलीसला मारते.

मग समुद्रप्रवास सुरू झाले आणि युरोपीय माणूस ही कथा गलबतात घालून जगभर निघाला. १५१० साली छापलेल्या एका स्पॅनिश अद्भुत कादंबरीत कॅलिफोर्निया नावाचे बेट आहे. तेथे कृष्णवर्णी शूर स्त्रियांचे राज्य, राणीचे नाव कॅलाफिया. पुढे दोन-तीन दशकांत हे कादंबरीतले नाव अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खऱ्या भूमीला चिकटले आणि आजतागायत तसेच आहे. १५४१-४२ मध्ये ओरेयाना हा सरदार मोठ्या नदीतून खाली उतरत गेला. त्याच्याबरोबरच्या गास्पार द कार्वाखाल या धर्मगुरूने लिहून ठेवले आहे, की जून १५४२ मध्ये स्थानिक लोकांशी झालेल्या लढाईत दहा-बारा स्त्रिया सेनापतींसारख्या पुढे होऊन लढत होत्या. त्याच सफरीत बाण लागून कार्वाखालचा एक डोळा गेला, तेव्हा त्याने जवळून काहीच पाहिले नाही असे म्हणवत नाही. परंतु स्त्रिया लढल्या हे पाहणे निराळे, आणि त्यांचे वेगळे राज्य असून वर्षातून एकदा त्या पुरुष बोलावितात हे लिहिणे निराळे. पहिले डोळ्यांनी दिसले असेल, दुसरे पुस्तकातून आले.

येथून पुढे ज्या ज्या देशात शस्त्रधारी स्त्री दिसली तेथे 'अ‍ॅमेझॉन' ही चिठ्ठी तिच्या कपाळी लावण्यात आली. पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी राज्यात, म्हणजे आजच्या बेनिनमध्ये, स्त्रियांची खडी फौज होती. १८९० ते १८९४ या काळात फ्रेंचांशी झालेल्या युद्धांत ती अतिशय शौर्याने लढली आणि जवळजवळ नष्ट झाली. त्यांच्या भाषेत त्यांना 'आगोजिए' म्हणत आणि 'मिनो' असेही म्हणत. 'मिनो' म्हणजे 'आमच्या माता'. युरोपात त्या 'दाहोमीच्या अ‍ॅमेझॉन' झाल्या. २०२२ साली कोतोनू येथे त्यांच्या स्मरणार्थ तीस मीटर उंचीचा पुतळा उभारला गेला, आणि त्याचेही प्रचलित नाव 'अ‍ॅमेझॉन' हेच आहे. लाहोरला १८३८ मध्ये गेलेल्या ऑस्बर्न या इंग्रज अधिकाऱ्याने रणजितसिंहाच्या दरबारातील धनुष्यबाण घेतलेल्या नर्तकींचे वर्णन 'अ‍ॅमेझॉन' म्हणूनच केले आहे.

आणि आपले शहर? निजाम अलीखानाच्या काळी हैदराबादेत स्त्रियांची कवायती पलटण होती. जनानखान्याचा आणि ड्योढीचा बंदोबस्त हे तिचे नित्याचे काम, परंतु ती मैदानातही उतरली. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांची आणि निजामाची गाठ पडली तेव्हा ही 'जफर पलटण' निजामाच्या लष्करात होती. खर्ड्याचा विजय आम्ही शाळेत मराठ्यांच्या एकजुटीचा शेवटचा सोहळा म्हणून शिकलो आणि पुढे अनेक वर्षे तो शिकविलाही. समोरच्या फौजेत बायका होत्या हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात माझ्या वाचनात आले नाही. त्या स्त्रिया आपल्याला दिसतात त्या युरोपीय प्रवाशांच्या आणि वकिलांच्या कुतूहलातून, त्याच ग्रीक चष्म्यातून. चष्म्यामुळे त्यांची नोंद तरी झाली, असे म्हणता येईल. खरे आहे. पण त्याच चष्म्यामुळे त्या पगारी शिपाई होत्या, पहाऱ्याच्या पाळ्या करणाऱ्या, कवायत शिकलेल्या नोकरदार बायका होत्या, हे झाकले गेले आणि उरली ती एक गंमत.

विसाव्या शतकातील अवतार आपल्या नातवंडांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. १९४१ साली मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चित्रकथांसाठी 'वंडर वुमन' निर्मिली. ती अ‍ॅमेझॉनांच्या बेटावरची, तिच्या आईचे नाव हिपोलिटा. २०१७ मध्ये तिच्यावरचा चित्रपट जगभर चालला. नातीच्या आग्रहाने मी तो पाहिला. तोफांचा आवाज सोडल्यास वाईट नव्हता.

आता भूमीकडे. काळ्या समुद्राच्या उत्तरेपासून मंगोलियापर्यंत पसरलेल्या गवताळ माळरानांवर सिथियन आणि त्यांच्या भाऊबंदांची मातीचे उंचवटे रचलेली थडगी हजारोंनी आहेत. एकोणिसाव्या शतकापासून ती उकरली जात आहेत. तेथे एक सोयीचा नियम रूढ होता : तलवार, भाता, भाले सापडले की थडगे पुरुषाचे, आरसा, मणी, चाती सापडली की स्त्रीचे. हाडे कोण पाहतो! अशा पद्धतीने शस्त्रधारी स्त्री सापडणे शक्यच नव्हते. सापडली असती तरी ती पुरुष म्हणून नोंदविली गेली असती. अ‍ॅमेझॉन ही दंतकथा आहे, हे ज्ञान येथे डोळ्यांवरची पट्टी झाले होते. हाडांची रीतसर तपासणी होऊ लागली तेव्हा चित्र पालटले. १९९०च्या दशकात रशिया-कझाकस्तान सीमेवरील पोक्रोव्का येथे जनीन डेव्हिस-किंबॉल आणि रशियन सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात तलवारी आणि बाण घेऊन पुरलेल्या स्त्रिया निघाल्या. हा प्रदेश सौरोमाटी आणि त्यांच्या वंशजांचा. त्यानंतर अशा थडग्यांची संख्या वाढतच गेली आहे. काही सांगाड्यांवर लढाईतल्या जखमांच्या खुणा आहेत. येथे स्त्रीराज्य नाही. याच टेकाडांत शस्त्रे घेतलेले पुरुष आहेत, शस्त्रे न घेतलेल्या स्त्रियाही आहेत. घोडा आणि धनुष्य यांनी बळाचे अंतर कमी केलेल्या समाजात मुलींनाही ते शिकविले जात होते, इतकेच. हेरोडोटसच्या वाटाघाटीच्या कथेला हे जितके जुळते, तितके पार्थेनॉनच्या भिंतीला जुळत नाही.

सायबेरियातील तूवा प्रदेशात १९८८ साली एका लहान मुलाचे थडगे निघाले. सुमारे सव्वीसशे वर्षांपूर्वीचे. देवदारासारख्या लार्च वृक्षाचे खोड पोखरून केलेली पेटी इतकी घट्ट बसली होती, की आतला देह अंशतः टिकला. टोकदार चामडी टोपी, केसाळ कातड्यांचा डगला, कुऱ्हाड, धनुष्य, आणि बाणांनी भरलेला भाता. आरसा नाही, मणी नाहीत. अर्थात मुलगा! तीस वर्षांहून अधिक काळ तो मुलगाच राहिला. २०२० मध्ये जनुकीय तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ती तेरा वर्षांच्या आतली मुलगी होती. सिथियनांना देह पाहताच कळले, आम्हांला इतका वेळ लागला.

आणि २०१९च्या अखेरीस रशियातील व्होरोनेझ प्रांतात, डॉनच्या खोऱ्यातील देवित्सा गावाजवळचे एक टेकाड जाहीर झाले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले. म्हणजे पार्थेनॉन उभे राहून फार तर शंभर वर्षे उलटली असतील. एकाच थडग्यात चौघीजणी. एक बारा-तेरा वर्षांची, दुसरी विशी-पंचविशीची, तिसरी त्याहून थोडी मोठी, आणि चौथी पंचेचाळीस ते पन्नास वर्षांची, जे त्या काळच्या मानाने दीर्घायुष्यच. बाणांची तीसहून अधिक लोखंडी टोके, भाले, घोड्याच्या साजाचे तुकडे तेथे मिळाले. तरुणीला घोड्यावर बसल्यासारखे पाय ठेवून निजविले होते. वडीलधारीच्या मस्तकावर फुलांच्या नक्षीचा सोन्याचा मुकुट जसाच्या तसा होता.